दामूगुरुजींचा सप्लाय

दामूगुरुजी कुणाच्याही घरात शिरले की आधी देव्हाऱ्याला नमस्कार करतात आणि मग कॉम्प्युटरच्या मागे हात घालतात.

मागच्या पंख्यातून येणाऱ्या वाऱ्यापुढे तळवा धरायचा, डोळे मिटायचे आणि वैद्य नाडी बघतो तसं दहा-बारा श्वास थांबायचं. तोवर घरातली मंडळी चहाचा कप धरून उभी. मग गुरुजी डोळे उघडतात, उपरण्याला हात पुसतात आणि निदान सांगतात. गेल्या सहा वर्षांत ते बदललेलं नाही.

"सप्लाय कमजोर आहे."

गुरुजींचं वय चौऱ्याहत्तर. शेंडी, धोतर, कपाळाला भस्म, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत पंचांग, सुपारीची डबी, एक स्क्रू-ड्रायव्हर, व्होल्टेज मोजायचा मीटर आणि भाजी तोलायचा काटा. ते ऋग्वेदाचे घनपाठी आहेत, म्हणजे वैदिकांत ज्याच्या पुढे जायला पायरी उरत नाही असे. पण दारावर तशी पाटी नाही. आमच्या ब्रह्मा घाटाच्या गल्लीत चार इयत्ता संस्कृत शिकलेल्या माणसाच्या नावामागे दोन ओळी पदव्या असतात. गुरुजींच्या दारावर फक्त विजेचं मीटर आहे.

मी बँकेतला माणूस. सोलापूरहून बदली होऊन काशीत आलो आणि गुरुजींच्या घराच्या वरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. सामान वर चढत होतं तेव्हा गुरुजी जिन्यात उभे होते. माझी पुस्तकांची खोकी गेली, भांडी गेली, त्यांनी मान वळवली नाही. कॉम्प्युटरचा डबा आला तसा त्यांनी हमालाला थांबवलं, डबा स्वतःच्या हातात घेतला, जरा वर-खाली केला आणि परत दिला.

"मॅनेजरसाहेब, मशीन मधेच बंद पडते ना?"

मी मॅनेजर नाही. हे मी त्यांना आजवर निदान पन्नास वेळा सांगितलं असेल. पण मशीन मधेच बंद पडत होती हे खरं होतं. सोलापुरात तिघांनी तपासली होती. एकाने व्हायरस सांगितला, दुसऱ्याने सगळं पुसून पुन्हा भरलं, तिसऱ्याने मेमरी काढून खोडरबराने घासली. ती चार दिवस शहाण्यासारखी वागायची आणि मी काही मोठं काम काढलं की डोळे मिटायची.

"बंद पडते," मी म्हणालो.

"हलका आहे. हातालाच कळतं."

कॉम्प्युटरच्या डब्यात एका कोपऱ्यात पत्र्याची एक पेटी असते. भिंतीतली वीज घ्यायची आणि आतल्या प्रत्येक अवयवाला पचेल तेवढी वाटून द्यायची, हे तिचं काम. दुकानदार तिला एसएमपीएस म्हणतात, गुरुजी सप्लाय. ही पेटी बाहेरून दिसत नाही, तिला दिवे नसतात, तिचा वेग कुणी विचारत नाही. म्हणून कॉम्प्युटर स्वस्तात बसवताना पहिली काटछाट तिच्यावर होते. लेबलावर साडेचारशे वॅट लिहायचं आणि आत दोनशेचा माल घालायचा. तांब्याची वेटोळी कमी, लोखंड कमी, म्हणून वजन कमी. यासाठी भाजीचा काटा.

"लेबलावर काय, कुणीही काहीही लिहील," गुरुजी म्हणाले. "आणि रिकामी मशीन कधी पडत नाही, साहेब. फोटो बघा, पत्ते खेळा, मजेत उभी राहील. वजन टाकलं की कळतं आत किती दम आहे. लोक म्हणतात बुद्धी बिघडली, व्हायरस आला. अहो, तिला उपास घडतोय!"

दुसऱ्या दिवशी ते मला लहुराबीरला पप्पूच्या दुकानात घेऊन गेले. पप्पू कॉम्प्युटरचे भाग विकतो आणि गुरुजींना बघितलं की कपाळाला हात लावतो. गुरुजींनी गादीवर बसून एकेक सप्लाय काट्याला टांगायला सुरुवात केली.

"गुरुजी, ई सप्लाई हौ, कोहड़ा ना हौ!" पप्पू कळवळून म्हणाला.

"तुझा कोहळा बरा," गुरुजी मराठीतच म्हणाले. "त्यावर कुणी वॅट लिहीत नाही."

सातवा पसंत पडला. तो बसवल्यापासून माझी मशीन आजतागायत पडलेली नाही. मी अंधश्रद्धेच्या विरोधात बरंच वाचलेलं आहे, पण त्या दिवसापासून नवी वस्तू घेताना मीही ती गुपचूप उचलून बघतो.

गुरुजींची कीर्ती मात्र गेल्या वर्षीच्या समारंभाने झाली. इथल्या मराठी लोकांच्या एका मंडळाने 'डिजिटल ज्ञानमंदिर' काढलं. ज्ञानमंदिर म्हणजे एक खोली, एक कॉम्प्युटर आणि एक मोठा पडदा. उद्घाटनाला जे पाहुणे आले त्यांच्या पदव्या निमंत्रणपत्रिकेत मावेनात म्हणून पत्रिका तीन घड्यांची छापावी लागली. त्यांच्या जीवनकार्यावर वीस मिनिटांची फिल्म होती. कॉम्प्युटर काचेचा, आत निळे-जांभळे दिवे फिरतायत, सगळे बघत राहिले. फिल्म सुरू झाली. पाहुण्यांचा जन्म झाला आणि पडदा काळा. पुन्हा सुरू केली. पाहुण्यांचा जन्म झाला, मुंज झाली, पडदा काळा. असा पाहुण्यांचा चार वेळा जन्म झाला. काशीत माणूस जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटायला येतो, असं मी मागच्या रांगेत पुटपुटलो आणि दोन माणसांनी वळून रागाने बघितलं.

कुणी म्हणालं नारळ फोडायचा राहिला. कुणी इंटरनेटला दोष दिला, ते लावलेलंच नव्हतं. तेवढ्यात मागून दामूगुरुजींचा आवाज आला. घनपाठ्याचा आवाज, त्याला माइक लागत नाही.

"दिव्यांना पुरतोय, कामाला पुरत नाही!"

सभागृहातल्या अर्ध्या लोकांना वाटलं हे पाहुण्यांविषयी आहे. पाहुण्यांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते अल्पोपाहाराला थांबले नाहीत.

आता एक गोष्ट सांगायला हवी. गल्लीभरचे कॉम्प्युटर ठीक करणाऱ्या या माणसाचा स्वतःचा कॉम्प्युटर रोज सकाळी बंद पडतो. त्यावरून गल्ली हसते. वैद्याच्या घरी खोकला, म्हणते. गुरुजी ऐकून घेतात. "हो, माझाच सप्लाय कमजोर आहे. बदलायचाय," म्हणतात आणि बदलत नाहीत.

हा कॉम्प्युटर आला तो गजाननशास्त्र्यांमुळे. गजाननशास्त्री आणि दामूगुरुजी एकाच गल्लीत वाढले, एकाच गुरूंकडे शिकले, आणि पुढे पन्नास वर्षं रोज सकाळी समोरासमोर बसून घनपाठ म्हणत आले. घनपाठ एकट्याने म्हणता येतो, पण तो जोडीचा खेळ आहे. मंत्रातले शब्द सरळ म्हणायचे नाहीत. पहिला-दुसरा, मग दुसरा-पहिला, मग पहिला-दुसरा-तिसरा, मग उलट तिसरा-दुसरा-पहिला, पुन्हा सरळ. मग एक शब्द पुढे सरकायचं. असा एक तुकडा एकाने म्हणायचा, पुढचा दुसऱ्याने. एक म्हणत असताना दुसरा नुसता बसत नाही, तो चूक धरत असतो. स्वर खाली गेला, मात्रा राहिली, की मांडीवर थाप. गुरुजींना बायको जाऊन वीस वर्षं झाली, मूलबाळ नाही, भाऊबंद पांगले. पण चूक धरणारा समोर होता.

सहा वर्षांपूर्वी गजाननशास्त्र्यांचा मुलगा श्रीधर त्यांना पुण्याला घेऊन गेला. गुडघे गेले होते, घाटाच्या पायऱ्या होत नव्हत्या. जाताना श्रीधरने आपल्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर गुरुजींना दिला आणि व्हिडिओ कॉल कसा लावायचा ते कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं. तो कागद अजून तिथेच आहे. त्यावर हळदकुंकू आहे.

दोघांना एकदम म्हणता येत नाही, मधे अर्ध्या क्षणाचं अंतर पडतं. पण आळीपाळीने म्हणायला काय लागतं? पहिल्या दिवशी सातला बसले आणि सात-दहाला मशीन पडली. नियम असा, की पाठ मधे तुटला तर तो भाग पहिल्यापासून. रोज तुटायचा. गुरुजी चार दुकानदारांकडे गेले, चौघांनी चार व्हायरस काढले. मग ते पोथी बघावी तशी मशीन बघत बसले. कधी पडते, काय चालू असताना पडते, अकरा दिवस कागदावर टिपलं. नुसती चालू ठेवली तर पडत नाही, गजानन दिसायला लागला की पडते. तेव्हा गुरुजींना उमगलं, की चेहरा आणि आवाज दोन्ही आणायचे तर मशीनला जास्त वीज लागते, आणि ती तिच्यापाशी नाही. तिथून हे वेड.

इतकं कळल्यावर माणसाने सप्लाय बदलला असेल असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं. गुरुजींनी तो तेव्हा बदललाही होता, आणि चार वर्षं मशीन खडखडीत चालली. पुढे, मी यायच्या जरा आधी, तो पाण्याच्या गळतीत गेला. त्या जागी त्यांनी कुठलासा पडीक सप्लाय बसवला आणि तोच ठेवला.

मी वर असायचो. सकाळी दाढी करताना खालून दोन आवाज यायचे. एक प्रत्यक्ष, एक डब्यातला. मग मधेच शांतता. मग फोनची घंटी. मग गुरुजींचं ठरलेलं बोलणं. आठवड्यातून दोनदा व्हायचं ते तीनदा व्हायला लागलं, मग रोज. श्रीधरने लॅपटॉप पाठवतो म्हणून कळवलं. गुरुजी म्हणाले, "नको रे. त्यात बॅटरी असते म्हणे. तो पडतच नाही." श्रीधरला वाटलं काका थट्टा करतायत. मलाही.

शेवटी दिवाळीत सोलापूरला गेलो होतो तिथून मी एक सप्लाय आणला. चांगला, नावाजलेला. काट्यावर पावणेदोन किलो भरला. गुरुजींच्या हातात दिला तेव्हा मला वाटलं होतं म्हातारा लहान मुलासारखा खूश होईल. त्यांनी तो उचलला. बराच वेळ हातात धरून ठेवला.

"खूप चांगला आहे," ते म्हणाले. "तुम्ही कशाला त्रास घेतला?"

आवाजात आनंद नव्हता. मी ते संकोचावर ढकललं आणि मीच तो बसवला. जुना पडीक डबा भंगारवाल्याला देऊन टाकला. मीटर लावून दाखवलं, बारा व्होल्टचा आकडा जागचा हलत नव्हता. गुरुजींनी मान डोलावली. नाकारायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी सात वाजून बारा मिनिटांनी मशीन पडली.

तिसऱ्या दिवशीही. चौथ्याही. आता प्रश्न माझ्या अब्रूचा होता. पुढच्या रविवारी सकाळी मीटर घेऊन मी खाली उतरलो. पाठ चालू असताना गुरुजींना बोलता येत नाही, याचा मी फायदा घेतला. त्यांनी डोळ्यांनी नको-नको केलं, पण मी कॉम्प्युटरच्या मागे, पुण्याहून दिसणार नाही असा, जमिनीवर बसलो आणि मीटरच्या काड्या पिवळ्या आणि काळ्या तारेला लावल्या.

गुरुजी पाटावर मांडी घालून. समोर चौरंगावर पडदा. गजाननशास्त्र्यांचा आवाज येत होता, गुरुजींहून बारीक पण धारदार. मला घनपाठातलं काही कळत नाही. पण दोन वर्षं ऐकून लय ओळखीची झाली होती. गजाननशास्त्री सुरळीत चालले होते. मग ते एका शब्दाशी आले आणि जरा थांबले. तोच शब्द पुन्हा म्हणाले. मग तिसऱ्यांदा, आणि आवाजाच्या शेवटी एक बारीक प्रश्न आला, अंधारात पायरी चाचपावी तसा.

मीटरवर बारा पूर्णांक एक. आणि एकदम शून्य.

कमजोर सप्लाय असा मरत नाही. आकडा आधी घसरतो, बारावरून साडेअकरा, अकरा, आणि मग मशीन मान टाकते. हा ताठ उभा होता आणि जागच्या जागी गेला. माझी नजर तारेवरून मागे मागे गेली. तार विजेच्या पट्टीपर्यंत गेली. पट्टी गुरुजींच्या मांडीजवळ होती. पट्टीच्या बटणावर गुरुजींचा अंगठा होता.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. फोन वाजला.

"दाम्या, पडला का रे तुझा डबा परत?" गजाननशास्त्री हसत होते. सुटका झालेल्या माणसाचं हसणं.

"पडला," गुरुजी म्हणाले. "दोन मिनिटं लागतील. तोवर तू पोथी काढून जागा बघून ठेव, म्हणजे वेळ जाणार नाही." मग अगदी सहज, खोकल्यासारखं, त्यांनी पुढचे तीन शब्द म्हणून दाखवले. "इथेच होतास ना तू?"

"हो हो, इथेच. येत होतंच मला. तुझी मशीन मधे तडमडली."

"ती तडमडतेच," गुरुजी म्हणाले आणि फोन ठेवला.

मशीन सुरू झाली, पाठ पुरा झाला, पडदा बंद झाला. गुरुजींनीच पाटावरची पोथी फडक्यात बांधत सांगितलं.

"वेदात काही शब्द दोन ठिकाणी सारखे येतात. सांधा असतो तो, रेल्वेसारखा. एका सूक्तातून निघालेला माणूस दुसऱ्याच सूक्तात जाऊन पोचतो आणि त्याला कळतही नाही. लहानपणी आम्ही तिथे मार खाल्लाय. गज्या कधीच खात नव्हता. दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा घसरला. मी मांडीवर थाप मारली, जशी मारायची तशी. साहेब, त्याने माझ्याकडे असं बघितलं, की मी त्याचं नाव विचारलं जणू. दुसऱ्या दिवशी बसलाच नाही. डोकं दुखतंय म्हणाला. आठ दिवस दुखत होतं."

मग एक दिवस गुरुजींची मशीन खरोखरच पडली, नेमकी गजाननशास्त्री अडखळले तेव्हा. आणि फोनवर गजाननशास्त्री हसले. आठ दिवस न बसणारा माणूस दुसऱ्या दिवशी सातच्या आधी बसला.

"म्हणजे तुम्ही मुद्दाम पडीक सप्लाय ठेवला होता?" मी म्हणालो. "पण त्याची गरज काय? बटण तर तुम्हीच दाबता."

गुरुजींनी माझ्याकडे जरा निराशेने बघितलं.

"आसनावर बसून खोटं बोलत नाहीत, साहेब. मी बटण दाबतो. पण बोलतो काय? मशीन पडली. ती पडलीच. सप्लाय कमजोर आहे. तो होताच. बटण कुणी दाबलं हे गज्या विचारत नाही. तुम्ही हा पावणेदोन किलोचा आणून बसवलात आणि आज आठ दिवस मला 'सप्लाय' हा शब्द तोंडातून काढता येत नाहीये. आज ऐकलंत ना? नुसतं 'पडला' म्हणालो. एखाद्या दिवशी तो विचारेल, का पडला? मग?"

मी बँकेत वीस वर्षं हिशेबतपासनिसांना उत्तरं लिहिली आहेत. इतकं निर्दोष उत्तर माझ्या हातून कधी झालेलं नाही.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं लहुराबीरला गेलो. पप्पूला आधी वाटलं गुरुजींची तब्येत बिघडली आहे. कारण गुरुजींनी मागितला तो दुकानातला सगळ्यात रद्दी सप्लाय.

"सबसे खराब?" पप्पू माझ्याकडे बघत म्हणाला.

"जो कामाच्या वेळेला दगा देईल असा," गुरुजी म्हणाले.

पप्पूने माळ्यावरून धूळ खात पडलेला एक काढला. आतली बॅटरीच्या सेलसारखी नळकांडी फुगून आली होती. तो पैसे घेईना. असला माल मी गुरुजींना विकला हे बाजारात कळलं तर लोक काय म्हणतील, म्हणाला. ज्याने आयुष्यभर तसलाच माल विकला त्याला त्या दिवशी लाज वाटली. मी आणलेला सप्लाय मी वर नेऊन कपाटात ठेवला. गुरुजी पुन्हा खरं बोलायला लागले.

त्यानंतर रविवारी मी खाली बसू लागलो. नुसता. हिवाळा सरत आला तोवर तासाभराच्या पाठात मशीन तीनदा पडायची, कधी चारदा. प्रत्येक वेळी अंगठा. प्रत्येक वेळी दोन मिनिटं आणि तीन शब्द. श्रीधरचा मला फोन आला, बाबा स्वयंपाकघरात जातात आणि कशाला आलो ते विसरतात, डॉक्टर म्हणतात आता हे असंच. "पण तुमच्याकडचा पाठ मात्र त्यांना अजून सगळा येतो," तो म्हणाला. "काकांची मशीन तेवढी धड असती तर बरं झालं असतं."

मी म्हणालो, आमच्या गल्लीतली वीजच तशी आहे. मी आसनावर बसलेलो नव्हतो.

मग तो माघातला रविवार आला. सकाळी धुकं होतं, नदी दिसत नव्हती. गजाननशास्त्री पडद्यावर आले तेच निराळे. दाढी केलेली, शाल नीट घेतलेली. गुरुजींनी पहिला तुकडा म्हटला, गजाननशास्त्र्यांनी दुसरा उचलला आणि ते चालू लागले. सांधा आला. गुरुजींचा अंगठा बटणापाशी गेला. गजाननशास्त्री सांध्यावरून सरळ निघून गेले. पुढचा सांधाही गेला. तिसरा. गुरुजींनी अंगठा उचलला, मग अख्खा हातच उचलून मांडीवर ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर मी असं काही बघत होतो जे या खोलीत मी कधी बघितलं नव्हतं. ते चूक शोधत होते. पूर्वीसारखी, सगळा जीव कानात आणून, कसून. आणि चूक सापडत नव्हती. गजाननशास्त्र्यांनी डोळे मिटलेले, आवाज चढत चाललेला, एकेक शब्द जागच्या जागी पडतोय.

साडेसातला गल्लीत पाणी येतं. साडेसातला गल्लीतले सगळे पंप एकदम चालू झाले, डोक्यावरचा दिवा मिणमिणला, आणि पडदा काळा झाला.

गुरुजींचे दोन्ही हात मांडीवर होते.

क्षणभर त्यांना कळलंच नाही. मग त्यांनी बटण दाबलं, बंद केलं, पुन्हा दाबलं. मशीनवर चापट मारली. हा माणूस मशीनला चापट मारणाऱ्यांना गल्लीभर शिव्या देत हिंडतो. "चल, चल ना," ते म्हणत होते. मी वर धावलो, कपाटातला सप्लाय घेऊन खाली आलो, पण तो बसवायला पंधरा मिनिटं लागतात हे मलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही. फोन वाजला. गुरुजींनी तो हिसकावल्यासारखा उचलला.

"दाम्या, पडला का रे डबा?" तेच हसणं. "कुठे होतो आपण?"

"गज्या, थांबू नकोस! म्हणत राहा, असंच म्हणत राहा, मी फोनवर ऐकतो. तू... अरे, आज तू एकदाही चुकला नाहीस!"

पुण्याच्या स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली ती ऐकू आली.

"आज?" गजाननशास्त्री म्हणाले.

पन्नास वर्षं दुसऱ्याची चूक धरणारा माणूस. त्यांनी फोन कानापासून जरा दूर केला आणि माझ्याकडे बघितलं. मी पावणेदोन किलोचा सप्लाय छातीशी धरून उभा होतो.

"दाम्या," गजाननशास्त्र्यांचा आवाज आला, "आहेस ना?"

"आहे."

"मग तुझा तुकडा म्हण."

गुरुजींनी फोन समोर चौरंगावर ठेवला. घसा खाकरला. आणि आपला तुकडा म्हटला, शेवटच्या शब्दापर्यंत, स्वरासकट. मग ते थांबले.

पंप चालू होते. कुणाच्या तरी गच्चीवरची टाकी भरून पाणी गल्लीत पडत होतं. गुरुजी फोनकडे बघत बसले होते, मान जरा पुढे काढून, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून.